सेरीन १६३ वरचा अनुस्वार

'मद' या शब्दावर एक टिंब दिलं की 'मंद' होतो. 'वश'चा 'वंश' होतो, 'रग'चा 'रंग'. टिंब म्हणजे टाकाच्या टोकावरची थेंबभर शाई, तिला एकटीला काही अर्थ नाही. पण ती नेमक्या अक्षराच्या डोक्यावर बसली की शब्द आपलं घर सोडून दुसऱ्याच घरी नांदायला जातो.

भाताच्या पेशीत असं एक टिंब आहे. ते दिलं की अर्थ बदलतो, काम झालं की ते पुसलं जातं, आणि मूळ शब्द जसाच्या तसा उरतो. त्या टिंबाचं रसायनशास्त्रातलं नाव फॉस्फेट आणि ते देण्याच्या क्रियेचं नाव फॉस्फोरिलेशन. आवडत्या कवितेतल्या एखाद्या ओळीकडे माणूस पुन्हा पुन्हा वळतो, तसा मी गेली काही वर्षं भाताच्या एका प्रथिनाकडे वळतो आहे. त्याचं नाव 'आयपीए १'. त्याच्यातली टिंबाची जागा म्हणजे १६३ वं अक्षर. आज ती ओळ मला वाचून दाखवायची आहे, सावकाश, शब्द न् शब्द.

प्रथिन ही एक लांब ओळच असते. तिची वर्णमाला वीस अक्षरांची, त्या अक्षरांना अमिनो आम्लं म्हणतात. ती एकापुढे एक गुंफली जातात आणि गुंफता गुंफता ओळ स्वतःभोवती वळते, घड्या पडतात, त्यातून आकार येतो. तो आकार हाच तिचा अर्थ. आयपीए १ ही ओळ चारशेहून थोड्या अधिक अक्षरांची आहे. तिच्या मधल्या भागात एक पकड आहे. जस्ताच्या अणूंनी आवळून धरलेली ही घडी डीएनएवर जाऊन बसते आणि तिथल्या जनुकाला 'बोल' म्हणते. म्हणजे हे प्रथिन स्वतः काही बांधत नाही, काही तोडत नाही. कोणी केव्हा बोलायचं ते ठरवतं. नाटकात सूत्रधाराचं जे काम, ते याचं.

ओळीचा मूळ अर्थ आधी पाहू, टिंब नसलेला. मावळात किंवा कोकणात भाताच्या बांधावर ज्याने दोन पावसाळे काढले आहेत त्याला हे सांगावं लागणार नाही की चुडाला फुटवे भरमसाट आले म्हणजे भात भरमसाट येतं असं नाही. पंधरा-वीस फुटवे दिसतात, खाचर हिरवंगार होतं, बघणाऱ्याचे डोळे निवतात. पण पीक निसवतं तेव्हा त्यातले कित्येक फुटवे वांझ निघतात. त्यांना लोंबीच येत नाही, किंवा आली तर निम्मे दाणे पोचट. शिवाय काड बारीक असेल तर सप्टेंबरअखेरच्या एका जोरदार पावसाने पीक आडवं होतं. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गुरुदेव खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ च्या सुमारास नव्या बांध्याचं रोप घडवायला घेतलं, ते याच दुखण्यावर बोट ठेवून. फुटवे मोजके असावेत, प्रत्येक फुटवा लोंबी देणारा असावा, एका लोंबीत २०० ते २५० दाणे असावेत, काड जाड असावं. चित्र त्यांच्या मनात स्पष्ट होतं. ते चित्र रोपाच्या कुठल्या ओळीत लिहिलेलं आहे, हे मात्र २०१० मध्ये कळलं. त्या वर्षी चीन आणि जपानमधल्या दोन गटांनी एकाच वेळी एकाच जनुकावर बोट ठेवलं. बीजिंगमधल्या ली जियायांग यांच्या गटाने त्याला 'आदर्श रोपबांधा' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं दिली, तेच आयपीए १. जपानी गटाने दिलेल्या नावाचा अर्थ 'सधन शेतकऱ्याची लोंबी' असा होतो. मला ते जपानी नाव जास्त आवडतं, कारण त्यात माणूस दिसतो. रूढ मात्र पहिलंच झालं.

त्या शोधाचीही एक गंमत आहे आणि ती टिंबाच्या गोष्टीआधी सांगायला हवी. एरवी भातात आयपीए १ फार तयार होऊ दिलं जात नाही. एक चिमुकला आरएनए त्याच्या संदेशाला चिकटतो आणि संदेश कापला जातो. संदेशात त्या आरएनएला ओळखता येईल असा एक छोटा तुकडा असतो, त्यावरून तो माग काढतो. आदर्श बांध्याच्या रोपांत त्या तुकड्यातलं नेमकं एक अक्षर बदललेलं निघालं. कापणाऱ्याला मग तो संदेश नीट ओळखता येईना, संदेश शाबूत राहू लागला, प्रथिन वाढलं, फुटवे आटोपशीर झाले, लोंबी भरली. हा झाला पाठभेद. एखाद्या पोथीत लेखनिकाच्या हातून एक अक्षर बदलावं आणि पुढच्या सगळ्या नकलांत ते तसंच उतरत जावं, तसा. तो कायमचा असतो आणि पिढ्यान् पिढ्या चालतो. आपलं टिंब असं नाही. ते बियाण्यातून पुढे जात नाही. ते एका पानाच्या एका पेशीत, दोन दिवसांपुरतं असतं. म्हणूनच मला ते अधिक हृद्य वाटतं.

आता त्या दोन दिवसांकडे.

भाद्रपदातली ढगाळ हवा आहे, ऊन नाही, पानांवर दव आहे आणि ते सकाळी उशिरापर्यंत वाळत नाही. अशा हवेत करपा येतो हे मावळातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. पानावर शंकरपाळ्यासारखा, दोन्ही टोकांना निमुळता डाग पडतो. कड तांबूस तपकिरी, मध्ये राखाडी. पुढे लोंबीच्या मानेवर आला तर मानच काळी पडून मोडते आणि दाणे भरत नाहीत. हा करपा एका बुरशीचा. तिचा बीजाणू तीन कप्प्यांचा, पेअरच्या आकाराचा. तो दवात भिजून पानावर चिकटतो, काही तासांत त्याला कोंब फुटतो, आणि कोंबाच्या टोकाला एक घुमट तयार होतो. घुमटाच्या भिंतीत काळं मेलॅनिन भरतं, आत ग्लिसरॉल साठतं, त्यामागोमाग पाणी आत ओढलं जातं आणि दाब वाढत जातो. तो किती वाढावा? वातावरणाच्या दाबाच्या ऐंशी पट. मोटारीच्या चाकातल्या हवेचा दाब दोन-अडीच पटीच्या घरात असतो, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या धुळीच्या कणाएवढ्या घुमटाची ताकद कळते. त्या दाबाने एक सुई पानाच्या मेणचट सालीतून आत घुसते.

रोपाला पळता येत नाही. ते जिथे लावलं तिथेच त्याला वाचायचं असतं, 'जीव वाचवणं' आणि 'लिहिलेलं वाचणं' या दोन्ही अर्थांनी. बुरशीची भिंत कायटिनची असते आणि त्या भिंतीचे तुकडे झडतात. भाताच्या पेशीच्या बाहेरच्या अंगाला ते तुकडे चाचपणारी प्रथिनं टपून बसलेली असतात. जपानी संशोधकांनी त्यांतली दोन ओळखून काढली आहेत: एक तुकडा धरणारं, दुसरं ती बातमी आत पोचवणारं. दुसऱ्याचं पेशीच्या आतलं टोक काय करतं? टिंब देतं. आत उभ्या असलेल्या शेजारच्या प्रथिनावर फॉस्फेट ठेवतं. ते प्रथिन जागं होतं आणि पुढच्यावर ठेवतं, पुढचं त्याच्या पुढच्यावर. पेशीच्या वेशीपासून केंद्रकापर्यंत निरोप असा टिंबाटिंबाने जातो. हे टिंब देणाऱ्या प्रथिनांना कायनेज म्हणतात. भाताच्या जनुकसंचात ते चौदाशेहून अधिक आहेत. माणसात पाचशेच्या आसपास. या दोन आकड्यांपाशी मी नेहमी थांबतो. आपल्याला पाय आहेत, आवाज आहे, दार लावून घेता येतं. गुडघाभर पाण्यात रोवून ठेवलेल्या रोपाकडे यातलं काही नाही, तेव्हा त्याने लिहिणारे हात वाढवले.

शत्रूही अडाणी नाही, हे सांगितलं नाही तर त्याच्यावर अन्याय होईल. करप्याची बुरशी पानात शिरताना स्वतःचं एक प्रथिन बाहेर सोडते. ते कायटिनचे झडलेले तुकडे रोपाच्या आधी स्वतःच उचलून धरतं, म्हणजे रोपाच्या हाती पुरावा लागू नये. कधी पुरावा लपतो, कधी सापडतो. सापडला की निरोप निघतो.

आणि निरोप निघाला की काही तासांत आयपीए १ च्या १६३ व्या जागेवरच्या सेरीनवर टिंब पडतं.

सेरीन हे अगदी साधं अक्षर. लहान, भार नसलेलं, टोकाला एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. वीस अक्षरांच्या गर्दीत नजरेत न भरणारं. त्या जोडीतला हायड्रोजन बाजूला होतो आणि तिथे फॉस्फेट येऊन बसतं. वजनात पाहिलं तर सबंध प्रथिन चाळीस हजार डाल्टनच्या वर, आणि त्यात भर पडते ती ८० डाल्टनची. मणभर भाताच्या पोत्यावर मूठभर दाणे ठेवावेत तेवढी. पण फॉस्फेटच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो, तोही दुहेरी. जिथे काहीच भार नव्हता तिथे एकदम दोन ऋण भार येतात. आणि ही जागा कुठली? नेमकी त्या पकडीतली, जी डीएनएवर बसते. डीएनएचा स्वतःचा कणाही फॉस्फेटचाच, ऋण भारांची माळच ती. सारख्या भारांचं एकमेकांशी पटत नाही, हे शाळेत शिकलो आहोत. तेव्हा वाचणाऱ्याला वाटतं, आता पुढचं ठाऊकच आहे: टिंब पडलं, पकड सुटली, प्रथिन डीएनएवरून घसरलं, वाढीचं काम थांबलं.

इथेच ही ओळ साध्या ओळींपासून वेगळी होते. प्रथिन घसरून पडत नाही. ते दुसऱ्या पत्त्यावर जातं.

टिंब नसताना ते डीएनएवर जी-टी-ए-सी ही चार अक्षरं शोधतं. दाट, ताठ लोंबी घडवणाऱ्या 'डीईपी १' या जनुकाच्या दारावर ती अक्षरं आहेत, तिथे जाऊन ते बसतं. टिंब पडल्यावर त्याची आवड बदलते, आणि ते 'डब्ल्यूआरकेवाय ४५' नावाच्या जनुकाच्या दाराशी जाऊन त्याला जागं करतं. तो भाताच्या रोगप्रतिकाराचा मोठा कारभारी. त्याच्या अवघड नावाला घाबरायचं कारण नाही. त्या घराण्यातल्या प्रथिनांत जी चार अमिनो आम्लं हटकून एकापाठोपाठ येतात, त्यांची ती एकाक्षरी नावं आहेत, इतकंच. म्हणजे ज्या हाताने आतापर्यंत लोंबी भरली जात होती, त्याच हाताने आता ढाल उचलली. नवा माणूस बोलावला नाही, जुन्याला काढून टाकलं नाही. ली जियायांग आणि सिचुआन कृषी विद्यापीठातले चेन श्वेवेई यांच्या गटांनी सप्टेंबर २०१८ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात हे मांडलं. तो लेख फार लांब नाही. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा '४८ तास' या शब्दांपाशी येऊन पान खाली ठेवलं होतं.

कारण त्यात पुढे लिहिलं आहे की संसर्गानंतर ४८ तासांच्या आत आयपीए १ वरचं टिंब पुसलेलं असतं. प्रथिन पुन्हा आपल्या पहिल्या अर्थाला परततं आणि लोंबी भरायला लागतं.

हे पुसणं मला देण्याहून मोठं वाटतं, आणि का ते सांगितलं पाहिजे. रोगाशी लढणं महाग असतं. पेशीची भिंत जाड करायची, विषारी संयुगं बनवायची, कधी आपल्याच पेशी मारून टाकायच्या म्हणजे बुरशीला पुढे वाट राहू नये. या सगळ्याला साखर लागते, नत्र लागतं, आणि ते दाण्यातून कापून आणावं लागतं. रोगाला सदासर्वकाळ सज्ज असलेली वाणं बनवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. त्यांत वारंवार हाती येतं ते निरोगी पण खुरटलेलं रोप. ज्या घरात कायम पहारा आहे, त्या घरात चूल पेटत नाही. म्हणून कौतुक पहाऱ्याचं नाही, पहारा उठवण्याच्या वेळेचं आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चा' लिहिली आणि अलंकार कितीही सुंदर असला तरी जागा चुकली की तो शोभत नाही, हे पदोपदी दाखवून दिलं. कमरपट्टा गळ्यात घालून कोणी सुंदर दिसत नाही. औचित्याची ती कल्पना मला कवितेत समजली त्याहून अधिक या ४८ तासांत समजली. जागा: चारशे अक्षरांतलं एकच. वेळ: दोन दिवस. त्यापलीकडे तेच टिंब रोपाला जड झालं असतं.

काहींना इथे श्लेष आठवेल. मला तो पुरेसा वाटत नाही. श्लेषात दोन्ही अर्थ एकाच वेळी नांदतात आणि वाचणाऱ्याने दोन्हींचा आनंद घ्यायचा असतो. इथे एका रेणूत एका क्षणी एकच अर्थ असतो, आणि कुठला ते टिंब ठरवतं. पण एका पेशीत या प्रथिनाच्या अनेक प्रती असतात. काहींवर टिंब पडलेलं, काहींवर नाही, काहींवरचं नुकतंच पुसलेलं. त्या सगळ्या प्रती एकत्र धरल्या तर पेशी दोन्ही अर्थ एका श्वासात उच्चारते आहे, कधी एकावर जोर, कधी दुसऱ्यावर. तेव्हा याला श्लेष म्हणण्यापेक्षा मैफलीतला गायक एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणताना दर वेळी जोर वेगळ्या शब्दावर देतो, तसं काहीसं म्हणावं.

टिंबासाठी निसर्गाने फॉस्फेटच का निवडलं? हा प्रश्न हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ फ्रँक वेस्टहायमर यांनी १९८७ मध्ये एका लेखाच्या शीर्षकातच विचारला होता. त्यांचं उत्तर मला फार आवडतं. पेशीत सगळं काही पाण्यात आहे. पाणी रासायनिक बंध तोडत असतं. शाई अशी हवी की पाण्याने आपोआप विरघळून जाऊ नये, आणि तरी जेव्हा पुसायची असेल तेव्हा योग्य हाताने चटकन पुसता यावी. फॉस्फेटचा ऋण भार त्याला पाण्याच्या हल्ल्यापासून राखतो, त्यामुळे एकटं सोडलं तर ते जागच्या जागी दीर्घकाळ टिकतं. पण फॉस्फेट उतरवणारं विकर आलं की क्षणात उतरतं. पावसात न ओघळणारी आणि तरी बोटाने पुसली जाणारी शाई. ही शाई ओळखली गेली ती भातात नव्हे, स्नायूत. सिॲटलमध्ये एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५५ च्या आसपास दाखवून दिलं की साखरेचा साठा फोडणारं एक विकर फॉस्फेट मिळताच जागं होतं आणि काढताच झोपतं. त्यांना १९९२ मध्ये नोबेल मिळालं. तेव्हापासून पानात, पेशीत, यीस्टमध्ये, मेंदूत, जिथे पाहावं तिथे हीच शाई सापडत आली आहे.

या जागेची परीक्षा करण्याची संशोधकांची एक रीत आहे, ती जुन्या पोथ्यांच्या पाठचिकित्सेसारखी आहे. एखाद्या सेरीनचं महत्त्व पाहायचं तर त्याच्या जागी ॲलनिन नावाचं अक्षर घालतात. दिसायला जवळपास तसंच, पण त्यावर टिंब बसूच शकत नाही. किंवा ॲस्पार्टिक आम्ल घालतात. त्याच्या अंगावर जन्मतःच ऋण भार असतो, म्हणजे टिंब कायमचं दिल्यासारखं. एक पाठ कधीही न बदलणारा, एक कायम बदललेला. मग दोन्ही पाठांची रोपं वाढवायची आणि मूळ पाठाशी ताडून पाहायची. मर्ढेकरांच्या किंवा तुकोबांच्या ओळीतला एक शब्द बदलून वाचून बघावा आणि मूळ शब्द का अपरिहार्य होता ते तेव्हा कळावं, तसं हे वाचन आहे. मला वाटतं, चांगला प्रयोग आणि चांगलं रसग्रहण यांच्यात फार अंतर नाही. दोघांनाही 'हेच का, दुसरं का नाही' एवढंच विचारायचं असतं.

डब्ल्यूआरकेवाय ४५ ची गोष्ट मी घाईने पुढे ढकलली. तिथे पुन्हा जातो, कारण बांधावरचं शहाणपण तिथे रेणूत उतरलेलं दिसतं. आयपीए १ ने हा कारभारी जागा केला, पण नुसतं जागं होऊन तो कामाला लागत नाही. त्याच्या स्वतःच्या अंगावरही टिंबं पडावी लागतात. ती देतो 'एमपीके ६' नावाचा एक कायनेज. आणि एमपीके ६ ला हात उचलता यावा म्हणून त्याच्या स्वतःच्या अंगावर टिंबं असावी लागतात, त्यांतलं एक टायरोसीन या अक्षरावर. जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की रोपाला थंडी वाजली किंवा मुळाशी खारं पाणी आलं की पुसणारी विकरं त्या टायरोसीनवरचं टिंब उतरवतात. एमपीके ६ चा हात खाली येतो, कारभाऱ्यावर टिंब पडत नाही, रोगाविरुद्धची फळी ढिली पडते. रोपाला एकाच वेळी दोन संकटांशी झुंजायचं बळ नसतं, ते थंडीला तोंड देतं आणि करप्याला दार उघडं राहतं. गारठा पडला, आभाळ आलं की करपा येणार, हे आजोबा-पणजोबांपासून सांगत आले. त्यातला दवाचा भाग सहज समजतो, बुरशीला ओल लागते. गारठ्याचा भाग हा असा आहे. १९९३ चा जपानमधला उन्हाळा विलक्षण थंड गेला. भात थंडीने पोचट राहिलं आणि वरून करप्याने गाठलं. ज्या देशाने आपल्या तांदळाचा एवढा अभिमान बाळगला, त्याला परदेशातून तांदूळ आणावा लागला. त्या सगळ्या हानीच्या मुळाशी एका अक्षरावरून पुसलेलं टिंब होतं असं मी म्हणणार नाही; हवामान, वाण, खत, सगळंच त्यात होतं. पण थंडीने पुसलेल्या टिंबाबद्दल वाचताना मला तो उन्हाळा आठवतो.

आता एक शब्द, जो मी इथवर मुद्दाम मागे ठेवला. शेतकऱ्याच्या तोंडी फॉस्फरस नसतो. त्याच्या तोंडी असतं नत्र, स्फुरद, पालाश. स्फुरद! हा शब्द कोणी घडवला त्याला माझा नमस्कार. फॉस्फरसचा मूळ ग्रीक अर्थ प्रकाश घेऊन येणारा. मराठीने त्यातली झळाळी घेतली आणि वर 'स्फुरण' दिलं. कवीला ओळ स्फुरते, बाहू स्फुरतात, आणि खताच्या पोत्यात स्फुरद असतं. डीएपीच्या पोत्यावर १८:४६:० असं छापलेलं असतं, त्यातला मधला आकडा त्याचा. पेशीतलं प्रत्येक टिंब, सेरीन १६३ वरचं सुद्धा, शेवटी त्या मधल्या आकड्यातून किंवा मातीतून आलेलं असतं. मूळ ते उचलतं, पेशी ते एटीपी नावाच्या रेणूच्या टोकाला लावून ठेवते, कायनेज तिथून काढून प्रथिनावर ठेवतो.

आणि कोकणातल्या लाल मातीत ते सहज मिळत नाही. जांभ्या दगडाच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला असं घट्ट धरून बसतात की पोतं ओतलं तरी रोपाच्या वाट्याला थोडंच येतं. अशा उपाशी जमिनीत तग धरणाऱ्या 'कसालथ' नावाच्या जुन्या भारतीय वाणाने संशोधकांना एक उत्तर दिलं. २०१२ मध्ये त्याच्यात एक जनुक सापडलं, ज्यामुळे रोप लहान असतानाच मुळं जोमाने पसरतात आणि स्फुरद गोळा करतात. ज्या जपानी वाणाचा जनुकसंच सगळ्या जगाने प्रमाण मानला, त्यात हे जनुक नाहीच. आणि ते जनुक काय बनवतं? कायनेज. टिंब देणारा हात. म्हणजे स्फुरदाचा शोध घ्यायलाही स्फुरदच खर्चावं लागतं. शाई मिळवण्याचा अर्ज शाईनेच लिहावा लागतो. ही जोडी मला दिसली त्या दिवशी मी ज्याला त्याला सांगत सुटलो होतो.

आयपीए १ च्या पुढच्या वाटचालीतलं एकच सांगतो. हे प्रथिन सदैव भरपूर ठेवलं तर फुटवे अती कमी होतात आणि उत्पन्न घटतं, म्हणून दुसऱ्या एका गटाने २०१९ मध्ये एक युक्ती योजली. रोग आल्यावरच उघडणारं एक दार आयपीए १ च्या जनुकापुढे बसवलं. एरवी प्रथिन बेताचं. रोगाचा जिवाणू आला की वाढतं. त्या रोपांत रोगही कमी दिसला आणि दाणेही वाढले. हे रोपाच्या लिखाणात माणसाने केलेलं संपादन. ते चांगलं संपादन आहे असं मला वाटतं, कारण त्यात मूळ लेखकाची लकब राखली आहे. वेळ पाहून बोलणं ही आयपीए १ चीच रीत, संपादकाने ती फक्त थोडी ठळक केली.

करप्याचा शंकरपाळ्यासारखा डाग डोळ्यांना दिसायला बीजाणू पडल्यापासून चार-पाच दिवस तरी जातात. म्हणजे शेतकरी बांधावरून वाकून पान हातात घेतो, ते उलटंसुलटं करून पाहतो, तेव्हा सेरीन १६३ वरचं टिंब पडून, वाचलं जाऊन, पुसलंही गेलेलं असतं. ज्या पानाला वेळेवर वाचता आलं, त्यावर डागाऐवजी टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका उरतो, तोही सहसा लक्षात येत नाही. उतरवलेलं फॉस्फेट वाया जात नाही. ते पुन्हा एटीपीत जातं, दुसऱ्या प्रथिनावर बसतं, तिथून तिसऱ्यावर. पीक पिकायला लागलं की पान आपलं स्फुरद दाण्याकडे पाठवतं, आणि दाणा त्याचा मोठा भाग फायटेटच्या रूपात सालीखालच्या थरात साठवून ठेवतो. गिरणीत तांदूळ सडला की तो थर कोंड्यात जातो, कोंडा गुरांच्या आंबोणात, तिथून शेणात. आणि वैशाखात राब भाजायच्या वेळी बाई डोक्यावरून शेणाची पाटी आणून वाफ्यावर पसरते, त्यावर कवळ, पालापाचोळा, वर मातीचा पातळ थर, आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन एका कोपऱ्याला विस्तव लावते.